हार्डविकच्या गॅलरीत ऊन आलं तेव्हा

इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या हार्डविक हॉल या जुन्या घरात मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. खिडक्यांचे ब्लाइंड्स किती खाली ओढायचे, उजेड किती लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) भरला, ते वहीत टिपलं का, हे माझं रोजचं काम. उजेडासाठी बांधलेल्या घरात आम्ही उजेडच अडवत असतो.

एलिझाबेथ, श्रूसबरीची काउंटेस, म्हणजे इथल्या लोकांची बेस, हिने हे दगडी घर 1590 ते 1597 मध्ये बांधून घेतलं. नकाशा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. सहा बुरुज, त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची ई-एस ही अक्षरं, आणि मजला चढावा तशा उंच होत गेलेल्या खिडक्या. भिंतीपेक्षा काचच जास्त, असं या घराबद्दल तेव्हापासून म्हणतात. धुराडी आतल्या भिंतींत घातली, म्हणून बाहेरच्या भिंती एवढ्या खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या. मी वाढले ते चौकाकडे तोंड करून रस्त्याकडे पाठ फिरवलेल्या वाड्यात. इतक्या उघड्या घरावर विश्वास बसायला मला वेळ लागला.

त्या हिवाळ्यात घर पाहुण्यांना बंद होतं. लाँग गॅलरी या लांबच लांब दालनाच्या काचांमधल्या शिशाच्या पट्ट्या तपासायला कारागीर आला होता. खिडकीतले दगडी दांडे आणि शिसं नीट दिसावं म्हणून त्याला ब्लाइंड्स पूर्ण वर हवे होते. आम्ही परवानगी घेतली, वेळ ठरवून दिली, आणि मी लक्समीटर घेऊन उभी राहिले.

गॅलरी पूर्वेला आहे, लांबी सुमारे 50 मीटर. सकाळचं तिरपं ऊन थेट समोरच्या भिंतीवर गेलं. तिथे बायबलमधल्या गिडिअनच्या कथेच्या 13 टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले पडदे, आहेत, आणि त्यांच्यावरच तसबिरी टांगलेल्या. राणीचा दरबारी सर ख्रिस्तोफर हॅटन याच्या मृत्यूनंतर 1592 मध्ये बेसने त्याच्या या टॅपेस्ट्री 326 पौंड 15 शिलिंग 9 पेन्सना घेतल्या. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह होतं, ते बदलायचा खर्च म्हणून तिने 5 पौंड कमी करून घेतले. या बाईबद्दल मला फार आदर आहे!

मीटर 2,000 लक्सच्या वर गेला. टॅपेस्ट्रीसाठी आमची मर्यादा साधारण 50 लक्स, वर्षभरात मिळून 1,50,000 लक्स-तास. म्हणजे या उन्हातला एक तास चाळीस तासांचा उजेड खाऊन टाकणार. आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. झाडांची पानं निळी दिसत होती. हिरवा रंग पिवळ्या आणि निळ्या रंगांनी मिळून केलेला असतो. पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. रोजच्या मंद उजेडात ती निळी पानं माझ्या नजरेतून सुटायची. त्या सकाळी तोटा किती झालाय ते भिंतभर दिसलं.

पण तेवढ्यात भिंतीतल्या शेकोट्यांवरच्या अलाबास्टरच्या न्याय आणि दया या मूर्ती उजळल्या. कपड्यांच्या चुण्या, बोटं, सगळं उठून आलं. चटयांवर दगडी दांड्यांच्या सावल्यांची चौकट पसरली. स्मिथसनने खिडक्या एवढ्या उंच का नेल्या, ते नकाशे वाचून मला कळलं होतं. पटलं ते तिथे उभं राहून.

"तुमच्या टॅपेस्ट्रींना किती वेळ चालेल?" कारागिराने विचारलं.

"ठरलाय तेवढाच," मी म्हटलं. वेळ संपताच आम्ही दोघांनी मिळून ब्लाइंड्स खाली घेतले आणि मी आकडे टिपले.

दुपारी वरिष्ठांकडे मी लेखी मागणी केली: वर्षातून एकदा, हिवाळ्यातली एक सकाळ, टॅपेस्ट्री झाकून गॅलरी उघड्या खिडक्यांनिशी लोकांना दाखवावी. कापड वाचवायचंच आहे, त्यात तडजोड नाही. पण या घराची वास्तुकला म्हणजे त्याचा उजेड, आणि तो आम्हीच कायमचा झाकून ठेवणं मला मान्य नाही. एवढी उंच भिंत झाकायची कशी, यावर आता चर्चा चालू आहे.