घनफुटांचा हिवाळा

गेल्या आठवड्यात पोस्टाने एक पत्र आलं. ईमेल नव्हे, कागदाचं. तुमच्या गॅस मीटरची आमच्याकडची नोंद चुकीची होती, त्यामुळे तुमच्याकडून जास्त पैसे घेतले गेले, त्याबद्दल आम्ही माफी मागतो, असा मजकूर आणि खाली शाईची सही. मी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं, फोटो काढला आणि कराडला माझ्या वडिलांना, अण्णांना पाठवला. ते पत्र मला त्यांनाच का पाठवावंसं वाटलं, ते पुढे सांगतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही इंग्लंडात, लीड्समधल्या या घरात भाड्याने राहायला आलो. याला इथे टेरेस्ड हाऊस म्हणतात. गच्चीशी संबंध नाही. भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची रांग, म्हणजे आपली चाळच, फक्त उभी चिरून एकेकाला दिलेली. युक्रेनच्या युद्धामुळे गॅसचे भाव आभाळाला भिडलेले. ऑक्टोबरपासून गॅस युनिटला साधारण १० पेन्स झाला. सरकारने प्रत्येक घराला हिवाळाभरात ४०० पौंडांची मदत दिली, सहा हप्त्यांत: दोनदा ६६, चारदा ६७. ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी, मराठी मंडळाच्या दिवाळीत, जिकडे जावं तिकडे बिलांचाच विषय.

अशा दिवसांत आमचं जानेवारीचं बिल आलं तेव्हा त्यात एकट्या गॅसचे २९९ पौंड होते. मला जराही शंका आली नाही. सगळ्यांचंच वाढलंय म्हणायचं आणि स्वेटर चढवायचा. वरच्या खोल्यांचे रेडिएटर बंद केले. हॉलमध्ये संध्याकाळी दोन तास हीटिंग, बास. सकाळी घरात १३-१४ अंश. लेक रबराची गरम पाण्याची पिशवी कवटाळून झोपायची आणि मी कानटोपी घालून ऑफिसच्या मीटिंगा करायचो, कॅमेरा बंद ठेवून. बायको म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखवू या का बिल? मी म्हटलं, कंपनी मोजूनच देते, रीडिंग मीच पाठवतो की दर महिन्याला.

रीडिंग बरोबर होतं. चूक होती ती ते रीडिंग कशात मोजलंय याची.

हे मला कळलं पुढच्या ऑक्टोबरमध्ये, तेही माझ्या हुशारीमुळे नाही. वैतागून ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही कंपनी बदलली. ही सोय मात्र मानली पाहिजे. वायर तीच, पाइप तोच, फक्त बिल पाठवणारा बदलतो, आणि तोही पाच कामाच्या दिवसांत. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं आणि आपले पैसे शिल्लक असतील तर त्या बिलानंतर दहा कामाच्या दिवसांत परत करायचे, असा नियम. आमचं शेवटचं बिल आठव्या आठवड्यात आलं, आणि त्यात शिल्लक सोडाच, उलट आमच्याकडेच १८७ पौंडांची बाकी काढलेली.

ते बिल हातात घेऊन मी कुंपणाशी उभा असताना शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय झालं? सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर गॅस फिटिंगची कामं केलेला. त्यांनी बिल बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, एवढा गॅस? मी दिवसभर घरात असतो, माझा बॉयलर चालूच असतो, तरी मला एवढा लागत नाही. मग ते आमच्या मीटरच्या कपाटापाशी गुडघ्यावर बसले. मीटरवर पाच काळे आकडे आणि बाजूला बारीक अक्षरात घनमीटरची खूण. जुने मीटर घनफुटांचे असतात, त्यांच्यावर आकडे चारच. बिलावर मात्र चक्क घनफूट छापलेलं.

आता जरा हिशोब सांगतो, कारण त्या हिशोबानेच माझं डोकं फिरलं होतं. इथे मीटर गॅसचं आकारमान मोजतं आणि पैसे लागतात ऊर्जेचे, किलोवॅट-अवरचे. म्हणून मीटरच्या आकड्याला १.०२२६४ ने गुणायचं, मग गॅसच्या उष्मांकाने, तो ३९ च्या आसपास असतो, आणि ३.६ ने भागायचं. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात. पण मीटर घनफुटांचं असेल तर त्याआधी आणखी २.८३ ने गुणायचं, कारण जुन्या मीटरवरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट. आमच्या घराचं जुनं मीटर बदलून कधीतरी नवीन बसवलेलं. कंपनीच्या नोंदीत जुनंच राहिलेलं. त्यामुळे आमच्या प्रत्येक ठिणगीचे पावणेतीन पटीच्या वर पैसे लागत होते. जानेवारीत आम्ही वापरलेला गॅस होता १०६ पौंडांचा. हे सगळं गणित दर महिन्याच्या बिलाच्या मागच्या पानावर छापलेलं असायचं. मी इंजिनिअर आहे. एकदाही पान उलटून पाहिलं नव्हतं.

(सिलिंडर बरा. उचलून हलवला की कळतं. आई तर आणणाऱ्यासमोर वजन करून घ्यायची.)

मग सुरू झालं फोनपुराण. पहिला फोन ४० मिनिटं, त्यातली ३१ संगीतात. त्यांच्याकडे एकच धून, दर दीड मिनिटाला तुटायची आणि कुणीतरी बोलेल असं वाटेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून. पलीकडची व्यक्ती दर वेळी नवी, दर वेळी अतिशय गोड. तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते, म्हणायची. मी म्हणायचो, त्रास समजून नका घेऊ, मीटरचा फोटो उघडा. फोटो त्यांना दिसायचा नाही, कारण तो दुसऱ्या विभागाकडे. दुसरा विभाग म्हणायचा, आता तुम्ही आमचे ग्राहक नाही, नव्या कंपनीशी बोला. नव्या कंपनीने फोटो बघून चार दिवसांत आपली नोंद दुरुस्त केली होती. जुन्यांचे पैसे ते कुठून देणार? आणि हे चालू असतानाच जुन्यांकडून १८७ पौंड भरा म्हणून स्मरणपत्रं येत होती, तिसरं लाल अक्षरांत. मी कुणाचं एक पेनी बुडवलेलं नाही, पण ते लाल पत्र टेबलावर असायचं त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मी ऑफजेमला लिहिलं. ऑफजेम म्हणजे इथला वीज-गॅसचा नियामक. नम्र उत्तर आलं की आम्ही नियम करतो, एकेका ग्राहकाची तक्रार बघत नाही. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसशी बोला. ही लोकांना सल्ला देणारी संस्था. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत मार्ग सांगितला. फोन बंद करा. ‘तक्रार’ हा शब्द स्पष्ट वापरून लेखी पाठवा आणि तारीख लिहून ठेवा. आठ आठवड्यांत सुटलं नाही, किंवा त्याआधीच कंपनीने आता आमच्याकडून काही होणार नाही असं लिहून दिलं, तर एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या लोकपालाकडे जा. आपल्याला खर्च शून्य. निकाल आपण मान्य केला की कंपनीला पाळावाच लागतो. आपल्याला पटला नाही तर कोर्ट मोकळं. बिल उशिरा दिल्याचे तेव्हा ३० पौंड वेगळे मिळायचे, हेही त्यांनीच सांगितलं. ते आपण न मागता यायला हवेत, आणि आले नाहीत तर न दिल्याबद्दल आणखी तेवढेच. नियमाला नियमाचं शेपूट. मला न मागता एक पेनीही आला नव्हता. मागितल्यावर दोन्ही आले.

मागितल्यावर. इथल्या व्यवस्थेचं कौतुक करणाऱ्या माझ्या मित्रांना मला एवढंच सांगायचंय. नियम झकास, पण ते कपाटात ठेवलेले, आणि किल्ली कुठे आहे हे कंपनी सांगत नाही.

त्यात आपल्याकडे काहीच नाही असं समजणारे इथे बरेच भेटतात. आहे की! २००३ च्या वीज कायद्यात कलम ५६(२) आहे, दोन वर्षांहून जुनी थकबाकी, बिलात सलग दाखवलेली नसेल तर, वसूल करता येत नाही. त्यातल्या ‘देय झाल्यापासून’ या शब्दांचा कोर्टात बराच कीस पडलाय, ती गोष्ट वेगळी. इथे आधी बिलात न लावलेल्या वापराचे पैसे बारा महिन्यांपलीकडे मागता येत नाहीत, हे मान्य. पण आपल्याकडे वीजजोडणीच्या सुरक्षा ठेवीवर कायद्याने व्याज मिळतं. माझे पैसे या कंपनीकडे वर्षभर होते, व्याजाची दमडी दिली नाही. ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत, मुंबईला आणि नागपूरला. सगळं आहे.

हे सगळं मला आत्ता माहीत आहे. २०११ मध्ये माहीत नव्हतं, आणि तिथेच गोची आहे.

त्या वर्षी कराडच्या घराचं मीटर अडकलं होतं. सहा महिने सरासरीवर बिलं आली आणि मग एकदम ११ हजारांचं. दोन माणसांचं घर, त्यात आई अर्धा वेळ माझ्याकडे पुण्यात. अण्णा पिशवीत बिलांची फाइल घालून वीज कार्यालयात जायचे. साहेब फिल्डवर. साहेब मीटिंगला. साहेब आहेत पण लाईट नाही. हसू नका, खरंच झालं होतं. सात खेटे झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तू इंग्रजीत एक अर्ज करून देशील का? मी म्हटलं, अण्णा, भरून टाका ना, मी पाठवतो पैसे, कशाला या वयात उन्हातान्हात फिरता.

मी तेव्हा नोकरीला नवा होतो, प्रोबेशनवर. मला सुटी असायची तेव्हा कार्यालयालाही असायची. आणि पैसे मी खरंच पाठवले, त्याच दिवशी. पण त्यांना पैसे नकोच होते, अर्ज हवा होता. त्यांनी तीन हप्त्यांत बिल भरलं आणि फाइल कपाटावर ठेवून दिली.

इकडे मी लीड्समध्ये मीटरचे फोटो तारीखवार लावले, दोन्ही कंपन्यांची बिलं जोडली, हिशोबाचा तक्ता केला. आठ आठवडे भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, डिसेंबरच्या सुरुवातीला, ऑम्बड्समनकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. फेब्रुवारीत निकाल. सगळी बिलं घनमीटरने पुन्हा काढा, फरक परत द्या, १०० पौंड गैरसोयीबद्दल द्या, आणि लेखी माफी मागा. फरक निघाला १,०१६ पौंडांचा. त्यातून त्यांची ती १८७ ची बाकी वजा जाऊन ८२९ पौंड खात्यात आले. १०० आणि आधीचे ६० धरून ९८९. लाखभर रुपये झाले.

बायकोने विचारलं, आणि कानटोपीचे किती?

संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. पत्राचा फोटो मोठा करून करून त्यांनी वाचला होता.

“किती खेपा घातल्यास?”

“एकही नाही. सगळं घरूनच.”

“मग साहेब कोण होते?”

“माहीत नाही, अण्णा. सहीतलं नाव आज पहिल्यांदा बघितलं.”

“चेहरा न बघता पैसे परत केले?” हे त्यांना कौतुकाचं वाटलं की चमत्कारिक, ते मला कळलं नाही. मग म्हणाले, “आपल्या साहेबांनी चहा पाजला होता मला. दोनदा.” थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प. मी म्हटलं, अण्णा, तुमची ती फाइल आहे का अजून? म्हणाले, आहे ना, का? मी मंचाची माहिती सांगितली, आणि मग हेही सांगावं लागलं की तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

“असू दे रे. तू तेव्हा नवा होतास.”

हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी ते स्वतःला बारा वर्षं म्हणत होतो तेव्हा बरं चाललं होतं.

आता आमच्या घरच्या ग्रुपवर दर एक तारखेला दोन फोटो पडतात. माझा गॅस मीटरचा, त्यांचा विजेच्या मीटरचा, खाली तारीख लिहून. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनीच सुरू केलं. या महिन्यात त्यांच्या फोटोत आकड्यांऐवजी अर्धा अंगठाच आला होता. मी लिहिलं, अण्णा, पुन्हा काढा, रीडिंग दिसत नाहीये.

त्यांचं उत्तर आलं, “लाईट गेलीय. आली की काढतो.”