हाओरी: एरी अखेर सपाट बसली

एरी बसली! शिवायला घेतलेल्या हाओरीची, म्हणजे किमोनोवर घालायच्या जपानी जाकिटाची, ही गळ्याची पट्टी चौथ्या खेपेला बसली आणि मानेमागे एकही चुणी नाही. काल रात्री टाचण्यांसकट अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिलो.

मागच्या वेळी लिहिलं होतं, पाठीकडून खांद्याकडे वळताना कापड गोळा होतंय. उरेप, म्हणजे कापडाचा तिरका भाग, ओढला जातोय असं वाटून आधी इस्त्री केली, मग पाणी मारून इस्त्री, मग नवी पट्टी कापली. काही फरक नाही. तीनदा उसवल्यावर गळ्याची माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) विरायला लागली, तेव्हा हाओरी बाजूला ठेवली आणि मांजरपाटावर नुसता गळा आणि पट्टी शिवून पाहिली.

चूक तिथे सापडली. एरीवरच्या खांद्याच्या खुणा मी गळ्याच्या कापलेल्या कडेवरून मोजत होतो. शिवण मात्र कडेपासून एक सेंटीमीटर अंगाकडे पडते, आणि गोल गळ्यात ती रेघ कडेपेक्षा लांब भरते. त्यामुळे दोन खुणांमधली पट्टी दर वेळी आखूड पडायची आणि अंगाचं कापड खेचून घ्यायची. या वेळी शिवणीच्या रेघेवर दोरा ठेवून मोजलं, गोलाव्यात मायेला बारीक काप दिले, वळणावर पट्टी किंचित सैल सोडली. शिवायला सुरुवातही पाठीच्या मध्यापासून केली: आधी डावीकडे, मग उजवीकडे. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत शिवत गेलं की सगळी ओढ शेवटी एका बाजूला जमते.

खुणा सगळ्या हेराने, म्हणजे कापडावर रेघ दाबायच्या बोथट जपानी हत्याराने. दाबलेली रेघ दोन्ही पदरांवर एकदम उमटते. खडू या कामाला मला कधीच पटला नाही. आणि पाठीच्या शिवणीवरची किसे, म्हणजे शिवण झाकणारी घडी! दोन मिलिमीटरची घडी गळ्यापासून खालपर्यंत एकसारखी आली आहे. उजेडात धरून परत परत बघतोय.

कापड 44 इंची हातमागाचं, साडेतीन मीटर. तानमोनोसारखे (किमोनोचं अरुंद कापड) 37 सेंटीमीटरचे बरोबर तीन पट्टे निघाले. मधल्याला किनार नाही, म्हणून त्यातून एरी आणि माची (बाजूला जोडायचा तुकडा) बेतली. त्यांच्या कडा आत मोडूनच जातात. दुकानात मात्र कापड फाडूनच मागा. मला कात्रीने कापून दिलं, ते इतकं तिरकं होतं की दोरा ओढून सरळ करण्यात अर्धा वीत गेलं.

पुढचं काम माचीचं. कुडत्याची कळी शिवलेल्यांना ते अवघड जाऊ नये, ही वर निमुळती होत जाते.

अस्तर लावायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता मन बदललं. पुण्याच्या थंडीला पूर्ण अस्तर कशाला? खांदा आणि पाठीपुरती रेशमी काता-सुबेरी, म्हणजे तेवढंच अपुरं अस्तर, पुरे. एरीची आतली बाजू अजून तुरपलेली नाही, म्हणजे तिची कड तिथे सरकवता येईल आणि मुख्य शिवणीला हात लावावा लागणार नाही. हिमो, म्हणजे हाओरी पुढे बांधायची दोरी, तीही विकत घेणार नाही, उरलेल्या निळ्या दोऱ्याचा चारपेडी गोफ विणतो. घरात रेशमी साडीचा एक तुकडा आहे, रुंदी पुरते का ते आज संध्याकाळी मोजतो.