दुसऱ्या टेकमधला बास

पियानो, डबल बास, ड्रम्स आणि टेनर सॅक्सोफोन. चौघांना दोन दिवसांत अख्खा अल्बम करायचा होता, तोही एकाच खोलीत आणि हेडफोनशिवाय. ही अट मला मनापासून पटते. हेडफोन लावले की जो तो स्वतःलाच ऐकत बसतो.

पण मग प्रत्येक माइकमध्ये प्रत्येक वाद्य शिरतं. त्याला आम्ही रेकॉर्डिंग करणारे लीकेज म्हणतो. नवशिके ते अडवायला जातात. ते अडवायचं नसतं, गोड लागेल असं बसवायचं असतं. पहिल्या सकाळी दीड तास मी नुसती माणसं हलवत होतो. बासवाला ड्रम्सच्या माइकांपासून तीन मीटरवर उभा राहिला, म्हणजे तिथे त्याचा आवाज साधारण 9 मिलिसेकंद उशिरा पोचणार. एवढ्याने ताल बिघडत नाही, उलट खोलीला खोली येते.

बासचा स्वतःचा माइक फोममध्ये गुंडाळून घोडीखाली तारांमागे खोचला. "पिकअपची लाइनपण घेऊन ठेवू?" मी विचारलं. पिकअप म्हणजे वाद्यालाच चिकटवलेला, तारांची थरथर थेट केबलमध्ये घेणारा तुकडा.

"नको हो, रबर ताणल्यासारखा आवाज येतो."

त्याचं खरंच होतं. तरी गुपचूप जोडायला हवी होती. एक केबल, अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसऱ्या दिवशी संथ बॅलड, दुसरा टेक, म्हणजे त्याच गाण्याचं दुसरं रेकॉर्डिंग. ड्रमर ब्रश फिरवत होता. सॅक्सचा सोलो सुरू झाला आणि बासचं मीटर खाली बसलं. काचेतून पाहिलं तर फोम घसरून माइक जमिनीकडे तोंड करून लोंबत होता. माझा अंगठा टॉकबॅकच्या, म्हणजे काचेपलीकडच्या वादकांशी बोलायच्या, बटणावर गेला, पण मी ते दाबलं नाही. पहिल्या टेकमध्ये सॅक्सवाला जिकडे फिरकलाही नव्हता, तिकडे तो आता निघाला होता. निर्माता शेजारी बसून फोनवर बोलत होता. असतोच.

टेक संपल्यावर सांगून टाकलं. तिसरा आणि चौथा टेक झाला. बास सुरेख आला, बाकीच्यांनी पाट्या टाकल्या. दोन टेक जोडावेत तर लय वेगळी. बास एकट्याने पुन्हा वाजवावा तर जुना बास उरलेल्या तिन्ही वाद्यांच्या माइकांत भुतासारखा बसलेला.

जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमच्या वेळी, 2 मार्च 1959 ला, मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर तबकडीची पहिली बाजू कित्येक वर्षं थोड्या चढ्या सुरात वाजत राहिली. 1992 मध्ये ती दुरुस्त झाली, कारण त्या दिवशी शेजारी दुसरं यंत्रही टेप भरत होतं. माझ्याकडे शेजारी काहीच नव्हतं.

तिघांनी दुसरा टेक निवडला. बासवाला म्हणाला, "चालेल." आता मिक्सला बसलोय. पियानो आणि ड्रम्सच्या माइकांतून बास उपसून काढतो, तर त्याच्याबरोबर ब्रशची सळसळ वर येते. सळसळ दाबली की बास पुन्हा भिंतीआड जातो. चौथं मिक्स झालं.

त्या संध्याकाळी वाद्याला खोळ चढवताना त्याने विचारलं होतं, "तुम्हाला दिसलं, तेव्हा माझा सोलो यायचा होता ना?"

"हो," मी म्हणालो.

त्याने खोळीची चेन शेवटपर्यंत ओढली आणि बास खांद्याला लावून निघाला.