जकार्डच्या उंचीचं घर

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमचं घर. परसात सासऱ्यांचा कारखाना होता, म्हणजे बारा बाय वीसची पत्र्याची एक खोली आणि आत चादरीचे दोन माग. माग विकून बरीच वर्षं झाली, खोलीत नुसती अडगळ साठत होती. गेल्या दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की तिथं एकट्या माणसाला भाड्यानं देता येईल असं, ओटा-न्हाणीसकट एका खोलीचं घर करायचं.

जागा २४० चौरस फूट. पण उंची चौदा फूट, कारण जकार्ड, म्हणजे चादरीत नक्षी उठवणारं यंत्र, मागाच्या डोक्यावर बसतं. ही उंची आपल्याला किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

मोबाईलवर पाहिलेल्या नकाशांत सगळी हुशारी फर्निचरची होती, भिंतीत मिटणारा पलंग वगैरे. सोलापुरात आधी पाण्याचा विचार करावा लागतो. आमच्या गल्लीत नळ तेव्हा चार दिवसांआड यायचा. एका माणसाला दिवसाला शंभर लिटर धरले, तरी पाचशे लिटरची टाकी हवीच. भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, ती पत्र्यावर कशी ठेवणार? गवंडी म्हणाला, "वहिनी, न्हाणीवरच सात फुटांवर स्लॅब टाकू. टाकी आतच राहू द्या." स्लॅबच्या वर आणखी सात फूट उरत होते, टाकी सहज बसली. आता परसातल्या हौदातलं पाणी मोटारीनं तिथं चढतं. टाकीला ऊन लागत नाही, त्यामुळं मे महिन्यातही पाणी गार येतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. एवढ्या कमी उंचीवरून शॉवरला जोर येत नाही, म्हणून तो लावलाच नाही. बादली मात्र झटकन भरते.

काम सुरू होण्याआधी मी शहाबादी फरशीवर खडूनं सगळं घर आखलं. पलंग, ओटा, न्हाणी, कपाट. दोन दिवस त्या रेघांमधून चालून पाहिलं. न्हाणीचं दार आत उघडलं की बादलीला जागा राहत नव्हती, म्हणून सरकतं दार केलं. ओटा न्हाणीच्याच भिंतीला टेकवला, त्यामुळं नळाची आणि सांडपाण्याची लाइन एकाच बाजूला राहिली. दुसरीकडं ओटा घेतला असता तर सगळी फरशी फोडावी लागली असती. फरशी मला राखायचीच होती. पॉलिश केल्यावर ती आरशासारखी झाली. मागाच्या बोल्टांची भोकं सिमेंटनं बुजवलीत, त्यांचे गोल डाग अजून दिसतात. ते मी मुद्दाम ठेवलेत.

सगळ्यात जास्त पैसे छपराला गेले. जुने पत्रे काढून मध्ये फोम असलेले घातले. आमच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, तिथं हात आखडता घेऊन चालणार नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण लांबीचं कपाट केलं, म्हणजे तापलेल्या भिंतीची धग थेट माणसापर्यंत येत नाही. छपराखाली समोरासमोर दोन झरोके ठेवले, गरम हवा तिथून निघून जाते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी घरमालकाची असते. बरेच जण नोटरीवर भागवतात. मी नोंदणी केली.

खोली बघायला सिव्हिलमधली एक नर्स आली. तिनं ओट्याला हात लावून पाहिला, झरोके पाहिले, मग विचारलं, "काकू, कपडे कुठं वाळत घालायचे?" एवढी मापं घेतली, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परसात आमचं येणं-जाणं, तिथं तिला संकोच वाटणार.

भिंतीत वर जकार्डच्या सांगाड्याचे दोन लोखंडी अँगल राहिले होते, ते कापायचे होते. कापले नाहीत. त्यांना कप्प्या लावल्या आणि दोरीवर आडवी काठी बांधली. कपडे घालून दोरी ओढली की काठी दहा फुटांवर जाते, डोक्याला लागत नाही. वरच्या गरम हवेत सुती ड्रेस दोन तासांत वाळतो.

दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन आली.