घरी जो नट सुटत नाही तो रस्त्यात पण सुटत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. टूरचा चौथा दिवस, भर दुपार, रस्ता एकदम मोकळा आणि मागचं चाक अचानक डुलायला लागलं. पंक्चर. माझ्या बाईकला आऱ्यांची चाकं, म्हणजे आत ट्यूब, म्हणजे चाक काढल्याशिवाय काही होणार नाही. पण मी तयारीने निघालो होतो, दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, नवीन ट्यूब, पंप सगळं बरोबर होतं. सामान उतरवलं, मेन स्टँडवर घेतली, एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, नटाला पाना लावला आणि जोर दिला. नट हलेना. पायाने दाबला तरी हलेना. पान्यावर उभा राहिलो तर पाना नटाच्या कडा घासून सटकला आणि हात जाऊन आऱ्यांवर आपटला. निघायच्या आठ दिवस आधी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, तिथं तो नट एअर गनने आवळून ठेवला होता. शेवटी अडीच तासांनी एक ट्रकवाला थांबला, त्याच्याकडे जॅकचा लांब पाइप होता, तो पान्यावर चढवून दोघांनी ओढला तेव्हा कर्रर्र करून नट सुटला. नंतरचं पंक्चरचं काम पाऊण तासात झालं.

त्या टूरवरून आल्यापासून मी एक नियम पाळतोय आणि आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण टूरिंग करणाऱ्या बऱ्याच जणांकडे टूलकिट भारी असतं पण ते कधी उघडलेलंच नसतं. नियम असा की घरी बाईकचं जे काही काम करायचं ते बाईकवर नेतो त्याच टूलकिटने करायचं. घरात मोठी पेटी आहे, लांब रॅचेट आहे, पण त्याला आधी हात लावायचा नाही. किट जिथं कमी पडेल तिथं किट बदलायचं.

एक्सल नटचंच घ्या. माझ्या मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क, म्हणजे किती पिळून आवळायचं ते, ९८ न्यूटन मीटर दिलाय. आता कंपनीच्या किटमधला पाना असतो जेमतेम २० सेंटिमीटर लांब, म्हणजे तेवढा टॉर्क द्यायला त्याच्या टोकाला साधारण ५० किलोचा जोर लागतो. पाना ४० सेंटिमीटरचा घेतला तर तेच काम २५ किलोत होतं. हे साधं गणित मी आधी कधी केलंच नव्हतं. आणि एअर गन तर मॅन्युअलच्या आकड्याच्या कितीतरी पुढे आवळू शकते, त्यात जुना नट असेल, धूळ पाणी गंज असेल तर सोडायला त्याहून जास्त जोर लागतो. म्हणून आता माझ्या किटमध्ये एक्सलच्या मापाचा सहा कोनांचा सॉकेट आणि त्यावर चढवायला लांब दांडा आहे. बारा कोनांचा सॉकेट कडांवर दाब देतो आणि घट्ट नटाचं डोकं गोल करून टाकतो, सहा कोनांचा सपाट बाजू धरतो. आणि गॅरेजमधून बाईक कधीही आली की घरी येऊन पहिलं काम, दोन्ही एक्सल नट सोडायचे आणि टॉर्क रेंचने परत आवळायचे. ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टचं पण तेच, तिथं तर अॅल्युमिनियममध्ये आटे असतात, एकदा आटे गेले की काम वाढतं.

या नियमामुळे किट हलकं पण झालं हे सांगायला पाहिजे. आधी मी पान्यांचा अख्खा सेट न्यायचो. घरी दोन सर्व्हिसिंग त्याच किटने केल्यावर कळलं की माझ्या बाईकला ८, १०, १२, १४, १७ आणि एक्सलचं माप, दोन तीन एलन की, एवढंच लागतं, बाकीचं वजन उगाच फिरत होतं. एक गोष्ट मात्र वाढली. जपानी बाईकवरचे चार खाचांचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे दिसतात पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात, डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर उचकतो आणि खाच खातो. मला कित्येक वर्षं वाटायचं की या बाईकचे स्क्रूच मऊ आहेत. जेआयएसचा ड्रायव्हर आणला आणि ज्या स्क्रूंना मी शिव्या घातल्या होत्या ते हाताने सुटले.

आता चेन. टूरिंगवाल्याने घरी दुसरं काही नाही केलं तरी चेन स्वतः करावी असं माझं ठाम मत आहे, कारण लांबच्या प्रवासात तिचा ताण रोज बदलत असतो. बहुतेक जण चेन एका जागी बोटाने हलवून बघतात आणि ठीक आहे म्हणतात. पण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून मागचं चाक हळूहळू फिरवून जिथं चेन सगळ्यात जास्त ताणलेली आहे ती जागा शोधायची आणि तिथं खालच्या बाजूला मध्यावर वर-खाली किती हलते ते पट्टीने मोजायचं. माझ्या बाईकला २५ ते ३५ मिलिमीटर सांगितलंय, तुमच्या बाईकचा आकडा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडेल. सामान लादलं आणि मागे कोणी बसलं की स्विंगआर्म वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, स्विंगआर्मचा पिव्हट म्हणजे तो फ्रेमला जोडलेला असतो ती जागा, आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. घरी रिकाम्या बाईकवर चेन घट्ट छान दिसते आणि टूरवर भरल्या बाईकला प्रत्येक खड्ड्यात ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला आणि मागच्या हबला ओढत राहते. म्हणून थोडी सैल चालेल, घट्ट नको.

आणि हे करताना एक गंमत होते, सगळं नीट मोजून एक्सल नट आवळला की चाक किंचित सरकतं आणि माप बिघडतं. यावर उपाय म्हणजे आवळताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडक्याची घडी घालून चाक थोडं मागे फिरवायचं, चाक पुढे ओढलं जाऊन चेनचा ताण लावणाऱ्या अॅडजस्टरला टेकून बसतं, तसंच धरून नट आवळायचा. आवळून झाल्यावर परत मोजायचं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर टेपने मोजतो.

चेन साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, कारण ओ-रिंग असलेल्या चेनमध्ये ग्रीस आतच भरून रबराच्या रिंगांनी बंद केलेलं असतं आणि पेट्रोलने त्या रिंगांची वाट लागते. तारेचा ब्रश पण नको. ल्यूब लावायचं ते दिवसाचं रायडिंग संपल्यावर, चेन गरम असताना, म्हणजे रात्रभरात नीट मुरतं, सकाळी निघताना मारलं तर अर्धं टायरवर आणि रिमवर उडतं. क्लिपवाली लिंक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला, हे प्रत्येक वेळी बघा. आणि इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. कधीच नाही. बोट फडक्याबरोबर स्प्रॉकेटमध्ये जायला वेळ लागत नाही.

क्लच केबलचं मला एका मित्रामुळे कळलं. तो प्रत्येक टूरच्या आधी नवीन केबल जुन्या केबलच्या बाजूनेच टाकून ठेवतो, टाकीखालून त्याच वळणांनी, दोन्ही टोकं टेपने बंद करून, झिप टायने बांधून. एकदा आम्ही बरोबर असताना त्याची चालू केबल तुटली, त्याने फक्त वरची खालची टोकं बदलली, लिव्हरची मोकळी हालचाल, म्हणजे फ्री प्ले, लावला आणि दहा मिनिटांत हेल्मेट घातलं. केबल तुटायच्या आधी सांगते पण. लिव्हरपाशी जिथं तारेचं टोक धातूच्या गोळीत बसलेलं असतं तिथं एकेक तार तुटून बाहेर येते, लिव्हर दाबताना बारीक करकर लागते. महिन्यातून एकदा लिव्हर काढून तिथं टॉर्च मारून बघायला पाच मिनिटं पुरतात. एखादी तार सुटलेली दिसली की त्याच दिवशी बदला.

टॅपेट, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांच्यातला बारीक गॅप लावणं, हे मी खूप उशिरा शिकलो आणि आता मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. लोकांना टॅपेटचा आवाज आला की काळजी वाटते, पण खरी काळजी आवाज गेल्यावर करायला पाहिजे. गॅप कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसल्यावरच आपली उष्णता सीटला देऊन थंड होत असतो, तो बसलाच नाही तर जळतो. इंजिन एकदम शांत चालतंय म्हणून आपण खूश आणि आत व्हॉल्व्ह भाजतोय. काम थंड इंजिनवर, पिस्टन वरच्या टोकाला, कॉम्प्रेशनच्या फेरीला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना, आणून करायचं. फिलर गेजची, म्हणजे गॅप मोजायची, पट्टी सरकवताना हाताला जे लागतं ना, थोडीशी ओढ, लोण्यातून सुरी काढल्यासारखी, ते वाचून येत नाही, दहा वेळा करून येतं. लॉकनट आवळला की गॅप बदलतो म्हणून आवळून परत पट्टी घालायचीच. १९८२ मध्ये एल्स्पेथ बेअर्ड नावाची ब्रिटिश मुलगी, आर्किटेक्चर शिकणारी, १९७४ च्या बीएमडब्ल्यू आर६०/६ वर एकटी जगाच्या फेरीला निघाली आणि १९८४ मध्ये परत आली. त्या इंजिनाची दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, त्यामुळे टॅपेट रस्त्याच्या कडेला बसून लावता येतात. आजच्या बऱ्याच बाईकवर टाकी काढल्याशिवाय तिथं पोचताच येत नाही आणि शिम, म्हणजे गॅप ठरवणाऱ्या चकत्या, बदलायचे असतील तर ते काम रस्त्यावरचं नाहीच, ते निघायच्या आधी घरीच संपवायचं.

इलेक्ट्रिकल म्हटलं की चांगले चांगले रायडर हात वर करतात. मी फक्त एक स्वस्तातला मल्टिमीटर आणि एक वही ठेवतो. बाईक ठणठणीत असताना घेतलेले आकडे वहीत असतात, रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन ४००० आरपीएमवर असताना १४.२. रस्त्यात बाईक स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागली तर हे दोन आकडे परत घ्यायचे, चालू इंजिनवर व्होल्टेज वर जातच नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंग बघायला पाहिजे, आणि १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल. चांगला आकडा माहीत असल्याशिवाय वाईट आकडा ओळखता येत नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि फ्यूज उडाला तर त्याच अॅम्पिअरचा लावा, तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज लावला तर पुढच्या वेळी वायरिंग जळेल.

ऑइलचं थोडक्यात, पाकिटावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघा. बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या गोष्टींमुळे तो स्लिप व्हायला लागतो. दूरवर कुठे टॉपअप करायची वेळ येते तेव्हा हे माहीत पाहिजे.

ब्रेकवर मात्र मी रस्त्यात प्रयोग करत नाही. पॅड बदलणं ठीक, ते घरी चार वेळा केलंय, आणि बदलल्यावर लिव्हर परत कडक लागेपर्यंत दाबल्याशिवाय बाईक एक फूटसुद्धा हलवत नाही. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा नवीन असताना उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषलं की मानकानुसार १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. सामान लादून लांब घाट उतरताना तिथंच लिव्हर मऊ पडायला लागतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही, आकडा मोठा म्हणून चांगलं असं समजून पुष्कळ जण चुकतात.

जुगाड पण घरीच करून बघा. टाकीला बारीक चीर गेली तर अंगाचा कोरडा साबण घासून ती भरता येते, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ऐकून माहीत होतं, मागच्या वर्षी एका जुन्या टाकीवर करून बघितलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत गळलं नाही. तेवढा वेळ पुढच्या गावापर्यंत पुरतो.

पुढच्या महिन्यात परत निघायचंय. परवा बाईक बाहेर काढली, मागचं चाक एकट्याने काढलं, टायर उतरवला, ट्यूब काढून परत घातली, सगळं किटमधल्याच सामानाने. घातल्यावर ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा भरली म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही, आणि शेवटचा भाग चढवताना टायरची समोरची बाजू रिमच्या मधल्या खोबणीत गुडघ्याने दाबून धरली. ३८ मिनिटं लागली. एक्सल नट पहिल्याच दाबाला सुटला होता. परत ९८ वर आवळला आणि पांढऱ्या पेंट मार्करने नटावरून एक्सलपर्यंत एक सरळ रेघ मारली. टूरवर रोज सकाळी सामान बांधायच्या आधी खाली वाकून ती रेघ सरळ आहे का बघायची.