नदीकाठची सपाट वाट का सोडली

स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समध्ये लॉख आर्केग या तळ्याच्या काठाने येणारा रस्ता संपला, की पुढे ग्लेन डेसरीचं खोरं लागतं. खोरं चढून खिंड ओलांडायची आणि पलीकडे, समुद्राचं पाणी आत शिरलेल्या लॉख नेव्हिसच्या टोकाशी सॉर्लीज बॉथीत मुक्काम करायचा. बॉथी म्हणजे डोंगरातलं बिनकुलपाचं, बिनभाड्याचं दगडी घर. १९६५ पासून एका संस्थेचे स्वयंसेवक अशी घरं सांभाळतात. अंतर सुमारे १४ किलोमीटर, खिंड जेमतेम ३०० मीटर. त्या दिवशी माझ्याबरोबर ठाण्याचा एक गट होता, सगळे सह्याद्रीत मुरलेले. राजगड-तोरणा करणाऱ्यांना हे आकडे किरकोळच वाटणार.

१८९२ साली नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला हिशोब इथले वाटाडे अजून वापरतात: तीन मैलांना एक तास, वर हजार फूट चढाईला अर्धा तास. त्याप्रमाणे साडेतीन तास होतात. दोन दिवस संततधार झाली होती, म्हणून मी सात धरले.

खोऱ्याच्या तोंडाशी, स्ट्रॅथनपाशी वाट फुटते. खालची नदीच्या दक्षिणेने, जंगलातल्या रुंद रस्त्याने अ'खूल बॉथीकडे जाते. वरची उत्तरेच्या उतारावरून, झाडांच्या वरच्या अंगाने.

"ताई, खालूनच जाऊ या ना," गटातले सगळ्यात मोठे काका म्हणाले. "सपाट आहे, आडोसाही आहे."

मागणी रास्त होती. अ'खूलपर्यंत तो रस्ता खरोखर चांगला आहे, आणि मुक्काम तिथे असता तर मी तोच घेतला असता. पण आमची खिंड उत्तरेच्या बाजूला. नदी फुगलेली असताना ती दिवसभर डाव्या हाताला आणि आपल्या खालीच राहावी, असं मला वाटत होतं. अ'खूल मी माघारीसाठी राखून ठेवलं आणि वर निघाले.

सह्याद्रीत पाऊस कातळावरून वाहून जातो. इथे तो मुरतो आणि तिथेच थांबतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, मेलेलं शेवाळ कुजत नाही, आणि त्याचे थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचत पीट तयार होतं. मीटरभर खोल पीट म्हणजे हजारेक वर्षांचा साठा. त्यावर वाढणारं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं. सपाटीवर हा थर जाड होतो, उतारावर पातळ राहतो. म्हणून इथे सपाट दिसणारी जमीन मला नेहमी जास्त कष्टाची वाटते. मी सगळ्यांना एवढंच सांगितलं: पोपटी हिरवं आणि पांढरे बोंडाचे तुरे टाळा, तपकिरी हेदरच्या झुडपांवर पाय ठेवा. तासाभरात ते माझ्याइतकीच जमीन वाचू लागले. याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

वरची वाटही चिखलाचीच होती. कुणी पोटरीपर्यंत रुतलं, कुणाची काठी मुठीपर्यंत आत गेली. पण खरा पेच पुढच्या ओढ्याशी आला. नेहमी दगडांवरून उड्या मारत ओलांडायचा ओढा गढूळ होऊन आडवा धावत होता, आणि तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकला की मी गटाला पाण्यात उतरू देत नाही.

खाली नदीजवळ पात्र रुंद आणि शांत दिसत होतं. सगळ्यांचे डोळे तिकडेच लागले. पण खाली जाल तसं त्या पाण्यात आणखी पाणी मिसळतं, शिवाय काठ आतून पोखरलेले असतात. मी नकाशा उघडून वर बोट ठेवलं: दोन फाटे जिथे एकत्र येतात, त्याच्याही वर. हेदरमधून अर्धा तास दमवणारी चढाई झाली. कुणी कुरकुरलं नाही, पण काका गप्प होते. वर दोन्ही फाटे वेगवेगळे आणि नडगीइतकेच खोल होते. सॅकचे कंबरपट्टे सोडून, प्रवाहाकडे तोंड करून, एकमेकांना धरून आम्ही एकेक फाटा पार केला. वरूनच खालचं ते "शांत" पात्र नीट दिसलं. मध्यभागी एक तुटलेली फांदी क्षणात वाहून गेली.

"आता कळलं," काका म्हणाले.

सॉर्लीजला पोचायला आठ तास लागले. मोजे पिळत असतानाच काकांनी उद्याचं विचारलं. उद्या पुन्हा दोन वाटा होत्या: ओहोटी असेल तर किनाऱ्याने टेकाडाला वळसा, भरती असेल तर टेकाडावरून. मी भरती-ओहोटीचा तक्ता काढून त्यांच्या हातात दिला आणि निघायची वेळ त्यांनाच ठरवायला सांगितली.