आढं, वळचण आणि साणं

२०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. माझ्या वाट्याला राजापूर तालुक्यातल्या दोन वाड्या आल्या. फॉर्मवर सुरुवातीलाच घराची चौकशी होती: जमीन कशाची, भिंत कशाची, छप्पर कशाचं. छपराच्या पर्यायांत कौलांचेही दोन प्रकार दिलेले, हाताने केलेली आणि यंत्राने केलेली. माणसं मोजायच्या कामात कुणीतरी कौलाकडे इतकं निरखून बघितलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण एका आजींनी तिथेच गाडी अडवली. त्यांच्या घराला पुढे ओटी-पडवीवर मंगलोरी कौलं आणि मागे स्वयंपाकघरावर नळे. "बाई, पाव्हण्यांना मंगलोरी, आम्हाला नळे. काय लिवायचं ते लिवा." फॉर्मला एकच उत्तर हवं, ज्याचं क्षेत्र जास्त ते. मग मी भर दुपारी चिऱ्याच्या गडग्यावर चढून छप्पर मोजलं. मंगलोरी जिंकली, पण थोडक्यात.

ही दोन कौलं शेजारी शेजारी बघितली की घराचं वय सांगता येतं. नळा म्हणजे कुंभाराच्या हातचं अर्धगोल कौल. एक रांग उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, बस्स. एकमेकांत अडकलेलं काहीच नाही, त्यामुळे माकडांची एक टोळी नाचून गेली की घर चाळणी. म्हणून दर वर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट लावून घेणं, आलीच. मंगलोरी कौलाला खाचा असतात, ती एकमेकांत बसतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि हे कौल किनाऱ्याने वर सरकत आलं. उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं दिसतं. आजींच्या अंगणात फुटक्या कौलांचा ढीग होता. काम सोडून मी त्यातली नावं वाचत बसले. आजींना वाटलं, हेही फॉर्ममध्ये असेल.

मी मूळची सोलापूरकडची. कोकणात बदली होईपर्यंत आढं म्हणजे छपराचा माथा आणि वळचण म्हणजे त्याची खालची कड, हे दोन शब्द मी फक्त शिकवले होते. 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' या म्हणीचा अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं उतरवून घ्यायची, आणि आमच्यापैकी कुणाच्याच घराला धड ना आढं होतं ना वळचण. आमची घरं माळवदाची. पहिल्या जूनमध्ये ओटीवर बसून बघितलं, आढ्यावर पडलेलं पाणी कौलांवरून धावत येऊन वळचणीला पागोळ्या धरत होतं. म्हण तेव्हा कुठे कळली. सोलापूरकडे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या पुढे. इतकं पाणी अंगावर घेणाऱ्या घराला उतार हवाच. आमच्याकडे पाणी छपरावर थोडं रेंगाळलं तरी कुणाची हरकत नसायची.

माळवद म्हणजे सपाट मातीचं छप्पर. खांब, खांबांवर तुळया, त्यावर लाकडाच्या चिपा, वर पाला आणि सगळ्यात वर वीत-दीड वीत पांढरी माती. घर मोजायचं ते खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत. "किती खणाचं घर?" हा प्रश्न मुलगी देतानाही विचारत. उन्हाळ्यात वर झोपायचं, दिवसा तिथेच सांडगे-कुरडया. रात्री गळायला लागलं की वडील घोंगडी घेऊन वर जात आणि जिथे गळतंय तिथली माती पायाने दाबून येत. आणि मधल्या घरात छपराला एक भोक असे, साणं. त्यातून उन्हाचा गोल कवडसा खाली पडायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. कवडसा उतरंडीला टेकला की आई भाकरीला बसायची.

फॉर्ममध्ये हे घर कुठे बसतं ते मी मुद्दाम शोधलं. गवत, बांबू, लाकूड, माती, सगळं एकाच क्रमांकात! म्हणजे भिंतींतून माणूस आडवा निजेल असं आमचं पाच खणी घर आणि रानातली गवताची खोप, सरकारदरबारी सख्ख्या बहिणी. मला रागच आला. बाकी फॉर्म हुशार होता, म्हणून जास्त.

सासर पुण्यातल्या पेठेतलं. वाडा रस्त्यावरून ओळखू येत नाही. बाहेर नुसती उंच भिंत आणि दिंडी दरवाजा. आत गेल्यावर चौक, भोवती सोपे म्हणजे ओसऱ्या, सुरूच्या झाडासारखे बुडाशी फुगीर खांब. छपरांची वळचण आतल्या बाजूला, त्यामुळे पाऊस घराच्या मधोमध पडतो. नव्या सुनेला हे बघायला बरं वाटतं. चौकात कपडे वाळत घालायची वेळ आली की कमी.

माळवदाचं कौतुक मात्र मी आता जपून करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. लाकडी खण काही ठिकाणी तसेच उभे राहिले, त्यांच्यामधल्या भिंती गेल्या. धक्का आमच्याकडेही जाणवला. महिनाभर गाव अंगणात झोपलं. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवलं. बैलगाड्या भरभरून माती निघाली. खांब तेच ठेवून वर पत्रा आला.

पत्र्याला साणं कुठून असणार? आईला घरात अंधार वाटायला लागला, तेव्हा भावाने एक पत्रा काढून तिथे पांढरा, उजेड येणारा बसवला, बरोबर जुन्या साण्याच्या जागी. कवडसा आता चौकोनी पडतो. आई अजून त्यावरून वेळ सांगते, आणि हल्ली अर्धा तास चुकते.